कोणतं मॉडेल चांगलं : १९६४, १९८५ की २०००?

आमच्या केळापूर तालुक्यात कुणी जुनी गाडी विकायला काढली की घेणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘मॉडेल कोणतं?’ उत्तरात कुणी गाडीचं नाव सांगत नाही. नाव तर समोर दिसतंच. उत्तर येतं, ‘ब्याण्णव’, ‘शहाण्णव’, ‘दोन हजार चार’. आमच्याकडे मॉडेल या शब्दाचा अर्थच साल. पासिंग कुठलं, हात किती बदलले, इंजिन खोललंय का, हे सगळं नंतर. भाव आधी सालावर ठरतो.

याच सालावरून वादही होतात आणि ते भावापुरते नसतात. पांढरकवड्यात हायवेच्या कडेला, गॅरेजसमोरच्या चहाच्या टपरीवर मी हे वाद वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. सगळ्यात चांगल्या गाड्या कोणत्या सालात निघाल्या? इथे चांगली गाडी म्हणजे जिच्यावर जीव जडतो, जी चालवायला मिळावी म्हणून माणूस काही काम नसताना वणीपर्यंत चक्कर मारून येतो, अशी गाडी. वडीलधारे १९६४ च्या फियाटवर अडून बसतात. माझ्या वयाचे १९८५ सांगतात. धाकटे म्हणतात, ‘चाचा, तुम्ही २००० नंतरच्या गाड्या नीट चालवल्याच नाहीत.’

मला हा वाद टाइमपास वाटत नाही. त्यात आपल्या देशाचा साठ वर्षांचा औद्योगिक इतिहास आहे. फाळणीत तुटलेल्या एका भागीदारीची गोष्ट आहे. आणि ज्यांच्या हातांनी या गाड्या जिवंत ठेवल्या, त्या मिस्त्री लोकांच्या पोटाचा प्रश्नही आहे. म्हणून तिन्ही बाजू मांडतो आणि शेवटी माझं मत देतो.

सालाला मॉडेल कुणी केलं?

दर साली नवं मॉडेल ही कल्पना अमेरिकेची. हेन्री फोर्डने १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ काढली आणि १९२७ पर्यंत जवळपास तीच गाडी विकली, दीड कोटींच्या वर. त्याच्यासमोर जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी वेगळी वाट धरली. दरवर्षी गाडीचा चेहरा थोडा बदलायचा, म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी पाहून माणसाला आपली जुनी वाटू लागते. १९२० च्या दशकात ही चाल यशस्वी झाली आणि ‘मॉडेल इयर’ हा शब्द रूढ झाला. अमेरिकेत लोक ‘५७ ची शेव्हरोले’ म्हणतात तेव्हा त्या सालच्या गाडीचे दिवे, मागचे पंख, बंपर सगळं डोळ्यांसमोर येतं. मागच्या-पुढच्या सालाची गाडी वेगळी दिसते.

आपल्याकडे असं कधी झालंच नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनी इंग्रजांच्या काळात भारतात गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ चा. पण स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवलं की नुसते सुटे भाग आणून गाड्या जुळवणाऱ्यांना जागा नाही, इथेच बनवणार असाल तर थांबा. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात दोन्ही कंपन्या निघून गेल्या. मोटारींसाठी उरले तिघे : कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. शिवाय जीपसाठी महिंद्रा.

पुढची तीस वर्षं गिऱ्हाईक रांगेत आणि कारखाना निवांत. बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं थांबत. गाडी बदलायची गरजच कंपनीला नव्हती. परवाना सरकारचा, परकीय चलन सरकारच्या हातात. अ‍ॅम्बेसेडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि २०१४ मध्ये बंद झाली. मधल्या काळात मार्क टू, मार्क थ्री, मार्क फोर, नोव्हा अशी नावं बदलली, जाळी बदलली, अंगकाठी तीच राहिली.

म्हणून आपल्याकडे साल विचारण्याचा अर्थ अमेरिकेहून निराळा झाला. गाडी दिसायला तीच असल्यावर माणूस विचारणार काय? पत्रा त्या सालात कसा होता? सुटे भाग बाहेरचे होते की इथले? इंजिनाचं काम कसं उतरलं होतं? एकाच गाडीच्या तीस वर्षांतून चांगलं वर्ष निवडायचं, अशी आपली परीक्षा.

१९६४ वाल्यांची बाजू

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांची कंपनी, १९४४ ची. सुरुवातीला क्रायस्लरच्या गाड्या आणि ट्रक, मग इटलीच्या फियाटशी करार. १९५४ च्या सुमारास आलेल्या फियाट ११०० ला तिच्या गोल अंगामुळे लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. आम्ही मुसलमान पोरंही हे नाव बिनदिक्कत घ्यायचो, गाडीला कसली हराम-हलालची अडचण! पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं आली. १९६४ मध्ये आली ती ११०० डी, म्हणजे डिलाइट. हिचे पुढचे दरवाजे आपल्या ओळखीच्या दिशेने उघडत, आधीच्या गाड्यांचे उलटे उघडायचे.

याच डिलाइटचं नाव फियाटचा करार संपल्यावर १९७२ मध्ये ‘प्रेसिडेंट’ झालं आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. चित्तोडच्या ज्या राणीचं हे नाव, तिची कथा घराघरात पोचवली ती सोळाव्या शतकात मलिक मुहंमद जायसी या सूफी कवीने, अवधी भाषेत. इटालियन अंग, मराठी मुलखातला कारखाना, राजपूत राणीचं नाव आणि त्या नावामागे एक सूफी. आपल्या देशाचं याहून चांगलं वर्णन मला सापडलेलं नाही.

१९६४ च्या बाजूचे लोक सांगतात ते असं. इंजिन १०८९ सीसीचं, छोटं पण फिरायला गुळगुळीत. गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. गाडी हलकी, वळणावर अ‍ॅम्बेसेडरसारखी डुलत नाही. आणि मुख्य मुद्दा असा की सुरुवातीच्या वर्षांत पत्रा जाड होता, काम हाताने तपासलेलं होतं. नंतर जसजशी रांग वाढली तसतसा माल उतरला. ऐंशीच्या दशकातली पद्मिनी आणि १९६४ ची डिलाइट शेजारी उभ्या करा, दरवाजा लावताना येणारा आवाज ऐका, निकाल तिथेच लागतो, असं हे लोक म्हणतात.

या बोलण्यात दम आहे. स्पर्धा नसली की माल उतरतोच. पण १९६४ ची गाडी कुणाकडे होती, हेही विचारायला हवं. आमच्या भागात त्या काळी मोटार म्हणजे जिनिंगवाले शेठ, मोठे जमीनदार, डॉक्टर, वकील आणि सरकारी साहेब. कापूस पिकवणारा बैलगाडीत होता. फियाट सामान्य माणसाच्या वाट्याला आली ती मुंबईत, टॅक्सीच्या रूपाने. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. त्या वेळी हळहळणाऱ्यांत गाडीचे मालक थोडे आणि मागच्या सीटवर बसलेले जास्त होते.

१९८५ वाल्यांची बाजू

आता माझ्या वयाच्या लोकांचं ऐका. जपानी गाड्यांचे शौकीन जगभर १९८९ हे साल सांगतात, कारण माझदाची एमएक्स-५, निसानची स्कायलाइन जीटी-आर आणि पहिली लेक्सस त्याच वर्षी आल्या. आपल्याकडे तसं एक साल शोधायचं तर १९८५ च.

त्याची तयारी आधी झाली होती. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींनी गिऱ्हाइकाच्या हाती दिली. त्याच सुमारास सरकारने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी भागीदारीला परवानगी दिली आणि चार जपानी कंपन्या चार भारतीय घराण्यांशी जोडल्या गेल्या. १९८५ मध्ये या सगळ्याचं पीक एकदम हाती आलं. हिरो होंडाची सीडी १०० त्या वर्षीची. एस्कॉर्ट्सने काढलेली यामाहा आरएक्स १०० त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली. मारुतीची जिप्सी त्याच वर्षाच्या अखेरची. प्रीमियरची ११८ एनई, फियाटच्या अंगात निसानचं इंजिन, तीही १९८५ चीच.

आरएक्स १०० बद्दल वेगळं सांगायला नको. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास. चार जणांच्या घरात एकाकडे आरएक्स असली की ती चौघांची असायची. १९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि ती बंद झाली. आजही यवतमाळ जिल्ह्यात नीट ठेवलेली आरएक्स विकायला निघाली तर घेणारा विचारतोच, ‘जपान माल आहे का?’

या ‘जपान मालामागे’ खरा इतिहास आहे. सुरुवातीच्या गाड्यांचे बरेच भाग जपानहून यायचे. परवान्याची अट अशी की काही वर्षांत भाग इथे बनवले पाहिजेत. त्यात सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच बड्या देशांचा करार झाला आणि डॉलरच्या तुलनेत येन झपाट्याने महागला. जपानहून आणलेला प्रत्येक भाग महाग पडू लागला. मारुतीसह सगळ्या जपानी भागीदारीवाल्यांना याची झळ बसली आणि भाग इथे बनवण्याची घाई वाढली. न्यूयॉर्कमध्ये बसून पाच अर्थमंत्र्यांनी केलेल्या सह्या पांढरकवड्यातल्या जुन्या मोटरसायकलच्या भावात आजही दिसतात, ही मला फार गंमतीची गोष्ट वाटते.

अर्थात १९८५ चं सगळंच सोनं नव्हतं. त्याच वर्षी स्टँडर्ड कंपनीने ‘स्टँडर्ड २०००’ नावाची महागडी मोटार काढली. अंग इंग्लंडच्या रोव्हरचं, देखणं. इंजिन मात्र जुन्या व्हॅनगार्डच्या काळातलं. तीन वर्षांत ती गाडी संपली. एखादं साल चांगलं म्हणताना त्या सालचं अपयश पोटात घालून चालत नाही.

जीप : एका फुटलेल्या भागीदारीची गाडी

आमच्या तालुक्यात मात्र खरा वाद मोटारीचा नाही, जीपचा. आणि जीपचा इतिहास सांगताना एक नाव घ्यावंच लागतं, जे आजच्या तरुण शौकिनांना बहुधा माहीत नसतं.

महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीचं १९४५ मधलं मूळ नाव होतं ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. लुधियान्याचे के. सी. आणि जे. सी. महिंद्रा हे दोघे भाऊ आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मुहंमद. हे गुलाम मुहंमद लाहोरचे, हिशेबशास्त्रात मुरलेले, निजामाच्या हैदराबाद सरकारातही त्यांनी अर्थखात्याचं काम केलं होतं. म्हणजे आमच्या पैनगंगेच्या पलीकडच्या राज्याशी त्यांचा संबंध होता. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीच्या नावातून मोहम्मद गेला, दुसरा महिंद्रा आला. पुढे १९५१ मध्ये ते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. तिथे त्यांनी पंतप्रधानांना बडतर्फ केलं, घटना समिती बरखास्त केली. त्या देशाच्या लोकशाहीच्या दृष्टीने त्यांची कारकीर्द भूषणावह नाही. पण २६ जानेवारी १९५५ रोजी दिल्लीत प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून तेच आले होते. एकेकाळी ज्यांच्याबरोबर धंदा मांडला त्यांच्या देशात, परक्या देशाचे प्रमुख म्हणून.

या गोष्टीवरून कुणाला चिडवायचं किंवा कुणाकडून सहानुभूती मागायची म्हणून मी ती सांगत नाही. जीपच्या इतिहासात ती आहे आणि इतिहास अर्धा सांगू नये, एवढंच.

जीपचं मूळ दुसऱ्या महायुद्धात. विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर भारतात राहिलेल्या कित्येक जीप लिलावात निघाल्या, त्यांना लोक ‘डिस्पोजलची जीप’ म्हणत. महिंद्राने स्वातंत्र्यानंतर मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जुळवायला सुरुवात केली. १९५३ मध्ये अमेरिकेत उंच इंजिनामुळे उंच बॉनेट असलेली सीजे-३ बी आली. तीच पुढे आपली भारतीय जीप झाली. पोलीस, वनखातं, महसूल, पाटबंधारे, सगळ्यांच्या दारात तीच उभी. तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत सरकार गावात यायचं ते याच बॉनेटमागून.

पेट्रोलची जीप शेतकऱ्याला परवडणारी नव्हती. इथे दुसरा धागा जुळतो. महिंद्राने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली. त्याच घराण्याचं डिझेल इंजिन पुढे जीपमध्ये आलं. याचा आमच्या भागातला अर्थ असा, की ज्या मिस्त्रीला ट्रॅक्टरचं इंजिन बांधता येत होतं त्याला जीपचंही आलं. त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने इगतपुरीत बनणारं २.१ लिटरचं डिझेल इंजिन आलं आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात एमएम ५४० ही जीप बाजारात उतरली. वेग वाढला, आवाज कमी झाला, अ‍ॅव्हरेज बरं मिळू लागलं.

मुंबईत काळी-पिवळी म्हणजे टॅक्सी. आमच्याकडे काळी-पिवळी म्हणजे सीट भरून चालणारी जीप. केळापूर, झरी-जामणी, घाटंजी, मारेगाव या पट्ट्यात कोलाम आणि गोंड वस्त्या विखुरलेल्या. जिथे एसटी दिवसातून एकदा यायची किंवा यायचीच नाही, तिथे या जीपने बाजार, दवाखाना आणि शाळा जोडली. आत दहा माणसं, मागे लटकलेली चार, टपावर कापसाचं गाठोडं. अपघात झाले, माणसं गेली, हेही तितकंच खरं. सीट बेल्ट कुणी पाहिला नव्हता. धूर एवढा की मागची मोटरसायकल काळी व्हायची. त्या काळाचं कौतुक करताना हे विसरणाऱ्या माणसावर मी भरवसा ठेवत नाही.

तेव्हा १९८५ च्या दोन गाड्यांपैकी जिप्सीने टपरीवरच्या वादात बाजी मारली तरी तालुक्याचं काम केलं ते डिझेल जीपने. जिप्सी पेट्रोल पिणारी. तिला आमच्याकडे दिवस आले ते फार नंतर, टिपेश्वरच्या अभयारण्यात वाघ पाहायला पर्यटक येऊ लागल्यावर. तिथले लोक आजही कार्बोरेटरची जिप्सी बरी की २००० च्या सुमारास आलेली इंजेक्शनची, यावर हिरिरीने भांडतात. २०१९ मध्ये जिप्सी बंद झाली, वाद चालूच आहे.

२००० वाल्यांची बाजू

धाकट्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. त्यांची यादी वजनदार आहे. होंडा सिटीचं १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन, शंभराहून अधिक हॉर्सपॉवरचं. २००१ ची फियाट पालिओ १.६, सचिन तेंडुलकरच्या नावाने तिची खास आवृत्तीही निघाली होती. २००४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, टर्बो पेट्रोल इंजिनाची. गंमत पाहा, पालिओ कुर्ल्यात बनत होती, जिथे कधी डिलाइट बनली. आणि ऑक्टाव्हिया औरंगाबादच्या शेंद्रा वसाहतीत जुळत होती. म्हणजे वाद १९६४ चा असो की २००४ चा, पुरावा महाराष्ट्रातच सापडतो.

त्यांचा मुद्दा असा. इंजेक्शन आलं, त्यामुळे सकाळी चोक ओढत बसायची गरज संपली. स्टिअरिंगला मदत तेलाच्या दाबाची होती, विजेच्या मोटरची नव्हती, म्हणून रस्ता हाताला कळत होता. ब्रेक चांगले, पत्रा गंजत नाही, आणि तरीही गाडीत आजच्यासारखा पदोपदी संगणक नव्हता. जुन्याचं मन आणि नव्याचं शरीर, असा तो मधला काळ.

पैनगंगेपासून नागपूरपर्यंतचा हायवे चौपदरी झाल्यावर ही गाडी चालवून पाहिली तर त्यांचं म्हणणं पटतं. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग ७ होता, आता ४४. चांगला रस्ता नसेल तर चांगली गाडी कळतच नाही. १९६४ च्या फियाटला असा रस्ता कधी मिळालाच नाही. तेव्हा तिची तुलना करताना थोडी दया दाखवायला हवी.

मिस्त्रीचा निकाल

या तिन्ही बाजूंत एक माणूस गप्प असतो. तो गाडीखाली आडवा असतो.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मोटारदुरुस्तीच्या धंद्यात मुस्लिमांचं प्रमाण लक्षणीय असल्याची नोंद आहे. आमच्या हायवेवर त्यासाठी अहवाल वाचायची गरज पडत नाही. शाळा सुटलेला पोरगा उस्तादाच्या हाताखाली लागायचा. पहिलं वर्ष पाने ओळखण्यात आणि चहा आणण्यात, दुसरं नट धुण्यात, मग कधीतरी टॅपेट सेट करायला मिळायचं. पुस्तक नाही, परीक्षा नाही, दाखला नाही. इंजिनाच्या आवाजावरून कोणतं सिलिंडर मारतंय हे सांगणारे कान हीच पदवी.

अशाच एका बुजुर्ग मिस्त्रीला मी एकदा विचारलं, ‘चाचा, सबसे अच्छा मॉडेल कौनसा?’ ते हात पुसत म्हणाले, ‘बेटा, जो रस्ते में खुल जाए और रस्ते में ही बंध जाए.’ रस्त्यात खोलता आली पाहिजे आणि रस्त्यातच बांधता आली पाहिजे.

मला हा निकाल वादातला सगळ्यात पक्का वाटतो, कारण त्याला कसोटी आहे. वणी रोडवर रात्री गाडी बंद पडली. जवळ दोन पाने, एक पेचकस, तारेचा तुकडा आणि पॉलिश पेपर. गाडी घरी येते का? १९६४ ची फियाट येते. १९८५ ची आरएक्स येते, जीप तर येतेच. २००४ ची ऑक्टाव्हिया टोचन करून आणावी लागते आणि मग तिची तपासणी करणारं यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्या शहरात न्यावी लागते. गाडी घेऊन पैसे दिले, पण ती उघडण्याचा हक्क आपल्याकडे आला नाही. अमेरिकेत आणि युरोपात शेतकरी ट्रॅक्टरच्या बाबतीत हेच भांडण कंपन्यांशी भांडत आहेत. आपली वस्तू आपल्याला दुरुस्त करू द्या, एवढीच मागणी.

पंधरा आणि पन्नास

टपरीवरचा निकाल काहीही लागो, सरकारचा निकाल वेगळा आहे आणि तो कागदावर आहे.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, मोटरसायकलचं ३०० वरून १,०००. दिल्ली परिसरात तर दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली. २०२३ च्या एप्रिलपासून सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणीच रद्द झाली. ज्या जीपमधून सरकार आमच्या गावात आलं ती भंगारात गेली.

दुसऱ्या टोकाला २०२१ चा विंटेज गाड्यांचा नियम आहे. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी वारसा म्हणून नोंदता येते. वीस हजार शुल्क, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं, वापर प्रदर्शन आणि रॅलीपुरता.

आता हिशेब करा. १९६४ ची फियाट २०१४ मध्येच वारसा ठरण्याच्या वयाची झाली. १९८५ ची आरएक्स किंवा ११८ एनई २००० मध्ये म्हातारी ठरली आणि वारसा व्हायला तिला २०३५ उजाडावं लागेल. मधली पस्तीस वर्षं तिने काय करायचं? २००४ ची ऑक्टाव्हिया २०१९ मध्ये जुनी झाली, तिला २०५४ पर्यंत थांबायचं आहे. ज्याच्याकडे बंगला आणि शेड आहे तो थांबू शकतो. ज्याची जीप हाच धंदा आहे तो थांबू शकत नाही. श्रीमंताची जुनी गाडी वारसा होते आणि गरिबाची जुनी गाडी भंगार होते, असा या दोन नियमांच्या मधल्या जागेचा अर्थ निघतो.

धुराच्या बाजूने मी बोलत नाही. यवतमाळच्या दवाखान्यात दम्याची मुलं मीही पाहिली आहेत. पण गाडी किती धूर सोडते हे यंत्र लावून मोजता येतं. वयावरून गाडी गुन्हेगार ठरवण्यापेक्षा तपासणी खरी करा, जी नापास होईल ती काढा. आणि पंधरा ते पन्नासच्या मधल्या गाड्यांसाठी, ज्या महिन्यातून चार वेळा बाहेर निघतात, परवडेल असा एक वर्ग करा. त्याने मिस्त्रीचा हात चालू राहील आणि पुढच्या पिढीला १९८५ काय होतं हे फोटोत पाहावं लागणार नाही.

राहिलं माझं मत. मी १९८५ ला देतो. एक तर त्या सालात गाडी शेठजींच्या दारातून उतरून शिक्षकाच्या, दुकानदाराच्या आणि मिस्त्रीच्या पोरापर्यंत आली. दुसरं, जपानी काम इतकं साफ होतं की आपल्या कारखान्यांना आपला माल कसा आहे ते कळलं. आणि तिसरं, ती गाडी रस्त्यात खुलत होती आणि रस्त्यात बांधताही येत होती. १९६४ कडे तिसरी गोष्ट आहे, पहिली नाही. २००० कडे पहिल्या दोन आहेत, तिसरी नाही. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी आपलं साल सांगावं. फक्त नुसतं ‘तेव्हाच्या गाड्याच वेगळ्या’ एवढं म्हणून थांबू नये. ती गाडी कुणी चालवली, कुणी दुरुस्त केली आणि कोण तिच्या मागे लटकून गेलं, तेही सांगावं.